‘एम्बॅरस’ की ‘ह्युमिलिएट’? चिनी भाषकांची अडचण

चिनीतलं ‘गान्गा’ म्हणजे ओशाळवाणं. ते विशेषण; त्याला थेट कर्म जोडता येत नाही. ‘तिने मला ओशाळवलं’ म्हणायला आधी ‘रांग’ (म्हणजे ‘करायला लावणं’) हे चिनी क्रियापद लावावं लागतं. इंग्रजी ‘एम्बॅरस’ मात्र सरळ क्रियापद: ‘शी एम्बॅरस्ड मी’. खरी चूक पुढेच होते. ‘आय अ‍ॅम एम्बॅरसिंग’ म्हटलं की अर्थ होतो, ‘माझ्यामुळे इतरांना लाजायला होतं’. लाज स्वतःला वाटली असेल तर ‘एम्बॅरस्ड’च हवं. स्पेलिंगमध्ये आर दोन, एस दोन. एक आर हमखास गळतो.

‘ह्युमिलिएट’ हे चिनी ‘श्यौरू’च्या (अपमान करणं) जवळचं. दोन्हींना थेट कर्म चालतं, म्हणून वाक्य सहज जमतं. पण ‘ह्युमिलिएट’ हा शब्द जड आहे: चारचौघांत केलेला पाणउतारा. मित्राने लहानपणीचा फोटो सगळ्यांना दाखवला, तर तिथे ‘एम्बॅरस’च शोभतं.