शेनिनला बासरी, शिराझला पखवाज: तारकर्लीतली वाइन-संध्याकाळ

तारकर्लीच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलात शनिवारी संध्याकाळी संगीतासोबत वाइन चाखायला देतात. नाशिककडच्या चार वाइन, प्रत्येकी ५० मिली, आणि दर पेल्याला वेगळी धून. कल्पना झकास, पण पेला आणि धून दोन्ही एकदमच बदलतात. मग शिराझ ही लाल वाइन जड लागली ती पखवाजामुळे की मुळातच जड म्हणून, हे कळणार कसं?

एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात अ‍ॅड्रियन नॉर्थ यांनी २५० जणांवर प्रयोग केला, त्यात वाइन दोनच होत्या, एक लाल आणि एक पांढरी. बदलत होतं ते संगीत. काहींना तर शांततेतच पेला दिला. भारदस्त संगीत ऐकणाऱ्यांना तीच वाइन जास्त भारदस्त वाटली. इथेही हे सहज जमेल. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनची एकच बाटली, दोन पेले. पहिल्याला बासरीचं तार सप्तक, मग घोटभर पाणी, दोन मिनिटं शांतता, आणि दुसऱ्याला रुद्रवीणेचा खर्ज. उंच स्वरांत आंबट-गोड बाजू पुढे येते, खर्जात कडवट. वाइन तीच, लक्ष कुठे जातं तेवढं बदलतं. म्हणूनच आधी काही सांगायचं नसतं. इथला निवेदक मात्र ‘आता लिंबाचा वास येईल’ म्हणून मोकळा होतो; मग तो सगळ्यांना येतोच!

शिराझ टेबलावर तशीच उभी असते. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड मुलखातला, १६ ते १८ अंशांचा. किनाऱ्यावरच्या ३० अंशांत अल्कोहोलची झणझण तेवढी वर येते आणि त्यावर कुठल्याच रागाचा इलाज चालत नाही. बाटली दहा-बारा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवली तरी भागेल. शेनिन छान गार येते, पण ५० मिली पेल्यात भराभर तापते. धून तीन मिनिटांत आटपावी.

समुद्राच्या गाजेवर मात करायला स्पीकर मोठा लावतात. गोंगाटात गोडी दबते, त्यामुळे शेनिनची हलकी गोडी जाते. टेबल आतल्या पडवीत मागा.

तळलेली सुरमई शेनिनबरोबर उत्तम. तिसऱ्यांचं सुकं चवदार असलं तरी त्याच्या तिखटाने शिराझ आणखी झोंबते. सोलकढी शेवटचा पेला संपल्यावरच मागवा, कोकमाच्या आंबटावर कुठलीही वाइन मिळमिळीत लागते.