ओल्या कचऱ्यावरची गोबरगॅसची टाकी: तारकर्लीत दोन पावसाळे वापरून

आमची विहीर आणि कचऱ्याचा खड्डा यांच्यात जेमतेम वीस पावलांचं अंतर होतं. तारकर्लीची जमीन सगळी रेतीची. पावसात हातभर खणलं की पाणी लागतं, आणि खड्ड्यातलं पाणी झिरपून कुठे जात असेल ते सांगायला तज्ज्ञ नको. आम्ही चार खोल्या पाहुण्यांना देतो, जेवण घरचं. मे महिन्यात आणि दिवाळीत रोजचा ओला कचरा पाच-सहा किलो: उरलेला भात, भाजीची सालं, खोबऱ्याचा चोथा, माशांची पोटं. रात्री कुत्री उकरायची, सकाळी कावळे यायचे. 2023 च्या जुलैत विहिरीच्या पाण्याला वास आला. आठवडाभर पिण्याचं पाणी शेजारच्या वैनीकडून कळशीने आणलं. तेव्हाच ठरवलं, हा खड्डा बुजवायचा.

त्याआधी वेंगुर्ल्याला जाऊन आले होते. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोच्या जागेचं रूपच पालटलंय, ओल्या कचऱ्यापासून गॅस करतात. ते पाहिल्यावर घरासाठी असं काही मिळतं का याची चौकशी सुरू केली. 2024 च्या फेब्रुवारीत टाकी बसली.

घेतली ती 1 घनमीटरची, प्लॅस्टिकच्या दोन टाक्यांची. खालची मोठी, वर उघडी. तिच्यात थोडी लहान टाकी उपडी घालून ठेवलेली. खाली कचरा कुजतो, गॅस वरच्या टाकीत साठतो आणि ती हळूहळू वर येते. गॅस किती झाला ते बघायला काटा नाही, टाकी किती वर आलीय ते बघायचं. शेगडी धरून जागेवर 32 हजार रुपये पडले. शेगडी वेगळीच घ्यावी लागते, कारण या गॅसमध्ये मिथेन निम्म्याहून थोडा जास्त, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. सिलिंडरच्या शेगडीचं बारीक छिद्र याला पुरत नाही.

शेण रोज लागत नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. शेणातलं सत्त्व गुराने आधीच पचवून घेतलेलं असतं, म्हणून शेणावर चालवायची तर ते घमेलीच्या घमेली घालावं लागतं. भात, पेज, पिकलेली फळं असं पिठूळ आणि गोड काही घातलं तर थोडक्यात काम होतं. पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच विचारावर घरगुती संयंत्र तयार केलं, आणि त्यासाठी 2006 मध्ये संस्थेला ॲश्डेन हे ब्रिटनचं ऊर्जेच्या कामासाठीचं पारितोषिक मिळालं. शेण लागतं ते पहिल्या भरणीला, विरजण लागतं तसं. तेवढं जमवतानाच दमछाक झाली. गावात आता गुरं उरलीत किती! तीन घरांतून आठ दिवस घमेल्याने शेण आणलं, पाण्यात कालवून ओतलं. टाकी वर यायला अठरा दिवस लागले. पहिली भरलेली टाकी पेटवायची नाही, तो गॅस तसाच सोडून द्यायचा, कारण त्यात हवा मिसळलेली असते आणि भडका उडू शकतो. हे बसवणाऱ्या मुलाने नीट बजावून सांगितलं होतं, त्याबद्दल त्याचे आभार.

दुसऱ्या वेळी पेटवली तेव्हा संध्याकाळ होती. ज्योत दिसेचना. मला वाटलं विझली. ह्यांनी स्वयंपाकघरातला दिवा घालवला, तेव्हा भांड्याखाली फिकट निळं कडं दिसलं, आवाज नाही, धूर नाही, वास नाही. त्याच्यावर पेजेचं टोप ठेवलं. सिलिंडरपेक्षा उकळी यायला वेळ लागतो, पण पेज करपत नाही. आदल्या दिवशीच्या उरलेल्या भातावर आजची पेज शिजतेय हे बघून मला फार बरं वाटलं, अजूनही रोज वाटतं.

आता फसगत सांगते. त्याच वर्षी मे महिन्यात घर भरलेलं, दारात बरके फणस, वर आंब्याची दोन पेट्यांची नासाडी. तीन दिवसांत फणसाची चारखंडं (काटेरी सालं) आणि नासके आंबे मिळून वीस किलोच्या वर आत ढकलले. चौथ्या दिवशी टाकी पार वर आली आणि मी खूश झाले. शेगडीला काडी लावली तर पेटेना. फुस्स करून गॅस यायचा आणि काडीच विझायची. बाहेर येणाऱ्या पाण्याला ताडीसारखा आंबट वास. पुतण्याने शाळेतला लिटमस कागद बुडवला, निळ्याचा लाल झाला. बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “काकी, पोटात आंबट झाला तर माणूस पण जेवक बघना नाय. ह्येका उपाशी ठेवा.” नऊ दिवस काही घातलं नाही, रोज फक्त अर्धी बादली शेणकाला. बाराव्या दिवशी ज्योत परत निळी झाली. कारण नंतर कळलं: आत कचऱ्याचं आम्ल करणारे जीवाणू झपाट्याने वाढतात, आणि त्या आम्लाचा गॅस करणारे सावकाश. एकदम गोड जास्त घातलं की पहिले पुढे धावतात, दुसरे मागे राहतात. नुसता कार्बन डायऑक्साइड भरूनही टाकी वर येते, म्हणून वर आलेल्या टाकीवर विश्वास ठेवू नका.

माझी तक्रार याच जागी आहे. 32 हजारांच्या वस्तूबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत होती, आणि रोज जास्तीत जास्त किती घालायचं हे त्यात कुठेच ठळक नव्हतं. कोकणात विकताना मे महिन्यात फणस-आंबे आत जाणारच हे विकणाऱ्याला ठाऊक नको? शिवाय वरची टाकी सरळ राहावी म्हणून दिलेलं लोखंडी कडं खाऱ्या वाऱ्याने एका पावसाळ्यात गंजून तुटलं, टाकी कलली. विकणाऱ्याकडून माणूस यायला सतरा दिवस लागले. शेवटी आम्ही स्टेनलेस स्टीलचं करून घेतलं. समुद्रकाठच्या लोकांनी ते आधीच मागून घ्यावं.

आता मी रोज सकाळी एकदाच घालते, चार-पाच किलो, चिरून, तेवढंच पाणी घालून. आदल्या रात्री बादलीत भिजत ठेवलं तर अजून बरं. माशांची पोटं घालते पण मूठ-दोन मूठ. लिंबाची सालं, सोलकढीचा गाळ, कांद्याचा पाचोळा नाही. बाठे, हाडं, खवलं, तिसऱ्यांच्या शिंपा आत गेल्या तर तळाशीच बसतील. बाठे आणि नारळाची सोडणं माडाच्या आळ्यात जातात. शिंपा परसातल्या वाटेवर पसरल्यात, पावसात तिथे आता पाय रुतत नाही.

दोन टाक्यांच्या मधल्या फटीत पहिल्याच पावसात डासांच्या अळ्या झाल्या. चमचाभर करंजेल दर आठ दिवसांनी सोडते, तो त्रास संपला. नळीत पाणी साचून ज्योत उड्या मारते, तेव्हा खालची तोटी उघडून ते काढायचं, दोन मिनिटांचं काम.

पावसाळ्यात गॅस कमी होतो. हवा गार, पाहुणे कमी, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे कचराच निम्मा. त्या दिवसांत शेजारच्या दोन घरांचा उरलेला भात आणि पेज आमच्याकडे येते. तरीही अर्धा-पाऊण तास शेगडी चालते. हंगामात दीड तास. माझ्या हिशेबाने दर दोन महिन्यांनी घरचा एक सिलिंडर वाचतो. निव्वळ पैशांसाठी कुणी घेत असेल तर सांगून ठेवते, वसूल व्हायला सहा वर्षं तरी जातील.

बाहेर पडणारं पाणी मात्र मी सोन्यासारखं वापरते. त्याच्या एका बादलीला दोन बादल्या साधं पाणी घालून केळींना आणि अळवाला. अळू इतकं मातलंय की अळवाच्या गाठींची भाजी करायला पानं आता बाजारातून आणावी लागत नाहीत. कच्चं, वास येणारं असेल तर दोन दिवस उघड्यावर ठेवून मगच घाला, आणि विहिरीकडच्या बाजूला नको.

कुणी घ्यावी? ज्या घरात रोज तीन-चार किलो ओला कचरा होतो, ऊन लागणारी जागा आहे आणि सकाळची दहा मिनिटं नेमाने देणारं माणूस आहे. दोघांच्या घराला कचरा पुरणार नाही. आठवडाभर घर बंद ठेवलं तर फार बिघडत नाही, परत आल्यावर थोडं थोडं घालून सुरू करायचं.

पाचपैकी साडेतीन. एक गुण पुस्तिकेसाठी कापला, अर्धा त्या कड्यासाठी. खड्डा गेल्या वर्षी रेतीने भरून घेतला, त्याच्यावर एक माड लावलाय. विहिरीचं पाणी दोन्ही पावसाळे आम्ही घरचंच प्यायलो, उकळून.