खोके नवे, शॉकअप जुनेच

गाडीचे शॉकअप बदलायला गॅरेजवाल्याला दिलेले सतरा हजार दोनशे रुपये गेले, त्याचं वाईट वाटलंच. पण पैसे गेले एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. त्या गाडीत मागच्या सीटवर माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील बसले होते, म्हणून लिहिते आहे.

माझी स्विफ्ट 2012 ची. एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेत, पण इंजिनाची कधी तक्रार नाही. 2024 च्या पावसाळ्यात पुढच्या डाव्या चाकातून खडखड सुरू झाली. खड्ड्यात चाक गेलं की धाडकन आवाज, स्पीडब्रेकर ओलांडला की गाडी दोन-तीनदा हिंदकळायची, ब्रेक दाबला की नाक खाली जायचं. पुढच्या टायरची आतली कड खाल्ल्यासारखी झिजली होती. गणपतीला कऱ्हाडला माहेरी जायचं होतं, त्याआधी काम उरकावं म्हणून ऑगस्टमध्ये घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. नेहमीचे मिस्त्री गावी गेले होते.

मालकाने गाडी जॅकवर घेतली, टॉर्च मारून दाखवलं. पुढचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणारी नळकांडी, गळलेत, मागचेही बसलेत, लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश फाटलेत, शॉकअपशेजारचे लिंक रॉड हे बारीक दांडे ढिले. हे निदान खरं होतं, हे आधीच सांगते. तो खोटं बोलला ते पुढे. हिशोब असा: पुढचे दोन शॉकअप 5,200, मागचे दोन 3,000, दोन लोअर आर्म 3,400, लिंक रॉडची जोडी 1,200, वरचे माउंट 1,600 आणि मजुरी 2,800. गाडीच्या वयाच्या मानाने भाव मला वाजवी वाटले.

मी थांबते म्हटलं तर म्हणाला, "ताई, इथे कुठे बसणार, सगळं ऑइल-ग्रीस. संध्याकाळी या, गाडी तयार असेल." मी घरी गेले. सगळ्यात मोठी चूक तीच.

संध्याकाळी टेबलावर खोके मांडून ठेवले होते. नामांकित कंपनीचे, होलोग्राम चिकटवलेले, वर एमआरपी छापलेली. "हे बघा ताई, सगळा ओरिजिनल माल." खोके उघडे आणि रिकामे होते. आतला माल गाडीला लागला असणार, असंच कोणालाही वाटेल. मीही वाकून चाकाच्या आत बघितलं, तर शॉकअप काळेभोर, चकचकीत. जुने पार्ट मागितले तेव्हा "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला" म्हणाला. चाकांचा कोन जुळवायच्या अलाइनमेंटचं विचारलं तर "गरज नाही, मी मार्किंग करून बसवलंय." बिल म्हणजे वहीतलं पान. जीएसटी लावून पक्कं बिल हवं असेल तर वेगळे पैसे पडतील, म्हणाला. मी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं.

गाडी खरंच सुधारली होती. खडखड पूर्ण बंद. खड्डेही मऊ वाटले. गणपतीत सगळ्यांना कौतुकाने सांगितलं की गाडी नवी झाली. आठवड्याने पंपावर हवा भरली तेव्हा चारही चाकांत पाच-सहा पॉइंट हवा कमी निघाली. तेव्हा त्यात काही खटकलं नाही. हवा भरल्यावर गाडी पुन्हा आदळायला लागली, तेव्हा रस्त्यांना दोष दिला.

भाऊबीज करून कऱ्हाडहून परत येत होते. बाबांना पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायचं होतं. खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याकडे उतरताना जे वळण आहे, ते त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वेग फार नव्हता. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, मीही मारला, आणि गाडीचं नाक खाली जाऊन मागचा भाग एका बाजूला झोलला. स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात नव्हती. बाबांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. सावरलं कसंबसं. खाली उतरल्यावर कडेला थांबवली आणि पाच मिनिटं मी नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी पुढच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. शॉकअप चांगला असेल तर गाडी एकदा वर येऊन थांबते, माझी तीनदा झुलली. मग त्यांनी चाक काढलं आणि रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं शॉकअपवर फिरवलं. फडकं काळं झालं. तेलाने नव्हे, रंगाने. स्प्रेचा काळा रंग. खालून जुना गंज आणि तेलावर बसून घट्ट झालेली माती.

मिस्त्रींनी मला बोट लावून एकेक गोष्ट दाखवली, तीच इथे सांगते. शॉकअप खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, दोन मोठ्या बोल्टांनी बांधलेला असतो. ते सोडल्याशिवाय तो निघूच शकत नाही. त्या नटांवर रंगाचा थर सलग होता, नटावरून पत्र्यावर ओघळलेला. पाना लागला असता तर नटाचे कोपरे तरी खरवडले असते. नखाने थोडा रंग काढला तर आट्यांमध्ये जुना वाळलेला चिखल. म्हणजे शॉकअप गाडीवरून कधी उतरलाच नव्हता. शेजारच्या ब्रेकच्या रबरी नळीवरही काळ्या रंगाचे बारीक ठिपके उडाले होते. लोअर आर्मचंही तेच, फाटलेल्या बुशला रंग फासलेला.

बदललं होतं ते एकच, लिंक रॉड. बाराशे रुपयांची जोडी. खडखड त्यांचीच होती, म्हणून ती थांबली आणि मला सगळंच पटलं. आणि खड्डे मऊ वाटावेत म्हणून टायरमधली हवा कमी केली असणार, असं मिस्त्रींचं म्हणणं. माझंही तेच मत आहे.

फोटो घेऊन मी त्या गॅरेजमध्ये गेले. "पावसात असंच होतं ताई, रंग नाही तो, कोटिंग आहे." आवाज चढवला, चार पोरं भोवती जमली. मी भांडले नाही. घरी येऊन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक घेतला. मग मिस्त्रींकडून काय आढळलं ते लेखी घेतलं आणि फोटो, वहीचं पान, यूपीआयची पावती जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली: पंधरा दिवसांत पैसे परत करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, अनेकांना नसतं. यूपीआयने पैसे दिले होते म्हणून निदान पुरावा तरी होता. रोख दिले असते तर हातात काहीच नसतं, कारण त्या पानावर ना गॅरेजचं नाव, ना सही. पक्क्या बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. तो असता तर माझं काम निम्मं झालं असतं.

नवव्या दिवशी फोन आला. दहा हजार परत मिळाले. उरलेल्यांसाठी आयोगात जायचं की नाही, यावर घरात खूप चर्चा झाली. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, मी सोडून दिलं. आजही ते मनाला लागून आहे, कारण त्याच्या टेबलावर तेच खोके पुढच्या कोणासाठी तरी मांडलेले असतील.

खरं काम जुन्या मिस्त्रींनी केलं. मी दिवसभर स्टुलावर बसून होते. खोके माझ्यासमोर फुटले. काढलेला शॉकअप त्यांनी माझ्या हातात दिला आणि दांडा दाबायला सांगितला. तो विरोध न करता आत गेला आणि आतच राहिला. नवा दाबायला अंगाचा जोर लागला, आणि सोडल्यावर तो हळूहळू आपोआप वर आला. काम झाल्यावर त्यांनी स्वतःच अलाइनमेंटला पाठवलं. पुढचा शॉकअप उतरवला की चाकाचा कोन हलतो, त्यामुळे ते करावंच लागतं. "गरज नाही" हे शब्द ऑगस्टमध्येच माझ्या कानाला खटकायला हवे होते.

आता गाडी कुठेही दिली तरी बदलायच्या पार्टवर मी आधी नेलपॉलिशचा लाल ठिपका देते आणि फोटो काढते. जुना पार्ट परत हवा, हे काम सुरू होण्याआधीच सांगते. परवा ब्रेक पॅड बदलले. मिस्त्रींनी जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले होते. घरी येऊन पुडी उघडली, चारही पॅडवर लाल ठिपका होता.