सात महिने इंग्रजी प्रश्नांचा सराव: आधी उलट, मग सुलट

मोरजीतल्या एका गेस्ट हाऊसच्या काउंटरवर बसतो. शाळा पेडण्यात, मराठी माध्यमात. इंग्रजीत उत्तर द्यायला कधी अडलं नाही. पाहुण्याचेच शब्द थोडे फिरवून परत करायचे. अडायचं ते आपण विचारायचं झालं की. ‘व्हेअर यू आर गोइंग?’, ‘डिड यू पेड?’ असली गाडी. म्हणून फेब्रुवारीत फक्त प्रश्नांचा सराव घेणारं एक अ‍ॅप वर्षाची वर्गणी भरून घेतलं. नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत.

पहिले दोन महिने पैसे वसूल. ‘शी वर्क्स हिअर’चं ‘डझ शी वर्क हिअर?’ करायचं, रोज 40 वाक्यं. ‘डिड’ आलं की भूतकाळ त्यानेच उचलला, म्हणून ‘पेड’ पुन्हा ‘पे’ होतं. नियम शाळेत पाठ होता, जिभेवर नव्हता. आपल्याकडे ‘पैसे भरले’ला ‘का’ चिकटवला की झालं. ‘कुठे’, ‘कधी’ घातलं तरी बाकीचं वाक्य जागचं हलत नाही. कोकणीतही तेच. ‘हू कॉल्ड यू?’ म्हणजे तुला कोणी फोन केला आणि ‘हू डिड यू कॉल?’ म्हणजे तू कोणाला केलास, हेही इथेच डोक्यात बसलं.

घोळ पुढे झाला. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरावा लागतो. एका आजोबांना मी ‘व्हेअर इज युवर पासपोर्ट? व्हेन आर यू लीव्हिंग?’ असं धडाधड विचारलं. व्याकरण चोख, पण म्हातारा पोलीस चौकीत बसवल्यासारखा बघत राहिला. नंतर मॅनेजर म्हणाले, “अरे, ‘कुड यू टेल मी व्हेन यू आर लीव्हिंग?’ असं विचार.” गंमत बघा, ‘कुड यू टेल मी’ पुढे लागलं की ‘व्हेन यू आर’ बरोबर! म्हणजे ज्या चुकीसाठी मी पैसे भरले, तीच इथे हवी होती. उलट करायची सवय इतकी मुरली होती की पुढचा महिनाभर मी ‘कुड यू टेल मी व्हेन आर यू’च म्हणत राहिलो. अ‍ॅपमध्ये हे होतं, पण शेवटच्या धड्यात, जेमतेम आठ वाक्यांत.

बाकी तक्रारी किरकोळ. ‘यू वॉन्ट टी?’ला लाल फुली मिळते. इंग्रज पाहुणे स्वतः सर्रास असं बोलतात, फक्त शेवटी आवाज चढवतात. नेटशिवाय चालत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की नेटही जातं. ‘गोव्यात ही तुमची कितवी खेप?’ हे कसं विचारायचं, तेही मिळालं नाही. ‘कितवा’ला इंग्रजीत सरळ शब्दच नाही. मी आता ‘इज धिस युवर फर्स्ट टाइम इन गोवा?’वर भागवतो.

मुख्य उणीव वेगळीच. अ‍ॅप वाक्य हातात देतं, आपण ते फिरवायचं. काउंटरवर वाक्य कोण देणार? म्हणून हल्ली रोज रात्री उद्या येणाऱ्या पाहुण्यांना काय विचारायचं ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून काढतो. खरा फरक त्याने पडला.

वर्गणी पुन्हा भरणार नाही. उरलेले महिने आठवीतल्या भाचीला दिलेत. तिला सुरुवातीचे धडे फार उपयोगी पडतील. एवढंच बजावलंय, की शेवटचा धडा पहिल्याच आठवड्यात उघड.