डोळे मिटून लावता येणारा खिशातला रेडिओ

खिशात मावणारा रेडिओ निवडताना मी एक कसोटी सगळ्यांत वर ठेवते. अंधारात, एका हाताने, न बघता तो चालू करता आला पाहिजे, हवं ते स्टेशन लावता आलं पाहिजे आणि बंदही करता आला पाहिजे. माझ्या बाबांची नजर काचबिंदूने गेली आहे, त्यामुळे आमच्या घरात ही कसोटी रोज लागते. पण नजर चांगली असणाऱ्यांनाही ती लागू पडते, असं माझं ठाम मत आहे. छोटा रेडिओ आपण वापरतो कधी? रात्री दिवा मालवल्यावर, चालायला जाताना, वीज गेल्यावर, हात कामात असताना. यातल्या कुठल्याच वेळी छोट्या पडद्यावरचे आकडे वाचायची सोय नसते.

आमच्याकडे दोन रेडिओ आहेत. एक बाबांचा, चाक फिरवून स्टेशन लावायचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. दुसरा मी वापरते, आकड्यांच्या बटणांचा, आत चार्ज होणारी बॅटरी असलेला. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण या दोन्ही जातींचे रेडिओ बऱ्याच जणांकडून निघतात आणि एकाला लागू पडणारं बहुतेक दुसऱ्यालाही लागू पडतं.

बाबांच्या रेडिओवर बटण असं एकही नाही, हा त्याचा मोठा गुण. उजव्या कडेला वर स्टेशनचं चाक, खाली आवाजाचं चाक, डाव्या कडेला एफएम आणि मीडियम वेव्हसाठी सरकती पट्टी. आवाजाचं चाक अगदी मागे नेलं की ‘टक्’ होतं आणि रेडिओ बंद. ही ‘टक्’ फार मोलाची आहे. रेडिओ चालू राहिला की बंद झाला याची खात्री बोटालाही होते आणि कानालाही. शिवाय चालू करताना आवाज नेहमी तळापासून वर येतो, त्यामुळे रात्री कानाशी एकदम मोठा आवाज फुटत नाही. माझ्या रेडिओत आवाज वर-खाली करायला बटणं आहेत, आणि काल दुपारी ज्या पातळीवर ठेवला त्याच पातळीवर तो आज पहाटे चालू होतो.

१९५४ मध्ये अमेरिकेत आलेला रिजन्सी टीआर-१ हा बाजारात विकला गेलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ. आत चार ट्रान्झिस्टर, २२.५ व्होल्टची बॅटरी आणि समोर स्टेशन लावायची मोठी गोल तबकडी. त्याचं चित्र बघताना मला नेहमी वाटतं, बोटाला सापडेल अशी रचना तेव्हाच करून झाली होती. नंतर रेडिओत घड्याळ आलं, दिवा आला, गाणी साठवायचं कार्ड आलं, आणि त्या गर्दीत एकेका बटणाला तीन-तीन कामं लागली. एकदा दाबा, दोनदा दाबा, दाबून धरा. नजर नसलेल्या माणसाला असा रेडिओ देऊ नका. त्याच्या हातातलं एक साधन त्याला पुन्हा दुसऱ्याला विचारून वापरावं लागतं.

आता चाकाबद्दल जरा सविस्तर, कारण रेडिओ घेताना इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. बाहेरून सारखे दिसणारे दोन चाकवाले रेडिओ आतून पूर्ण वेगळे असू शकतात. जुन्या पद्धतीच्या रेडिओत चाकाखाली गँग असतो, म्हणजे एकमेकांत सरकणाऱ्या पत्र्यांचा कंडेन्सर. चाक फिरतं तशी त्याची वीज साठवायची क्षमता सलग बदलते आणि रेडिओ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता सरकतो. नव्या रेडिओंपैकी बऱ्याच जणांत चाकाखाली नुसता बदलता रेझिस्टर, म्हणजे विजेला कमी-जास्त अडवणारा भाग असतो. चाक किती फिरलं ते चिप मोजते आणि त्या जागेला जवळची वारंवारता स्वतः निवडते. म्हणजे चाक जुनं, आतला कारभार डिजिटल.

हातात घेऊन हळूहळू फिरवलं की फरक लगेच कळतो. गँगवाल्या रेडिओत आधी खरखर, मग खरखरीतून वर येणारा आवाज, मग स्वच्छ स्टेशन, आणि पुढे गेलं की पुन्हा खरखर. चिपवाल्यात स्टेशन पायरीवर पाय पडावा तसं एकदम येतं आणि एकदम जातं. मधल्या भागात बऱ्याचदा जवळजवळ शांतताच असते.

बाबांचा आत्ताचा रेडिओ चिपवाला आहे आणि सुरुवातीला त्यांना ती शांतता खटकली. इतकी वर्षं ते खरखरीवरून ओळखायचे की स्टेशन जवळ आलं, आता बोट हलकं करायचं. इथे तशी चाहूलच लागत नाही, जरा जोरात फिरवलं तर स्टेशन ओलांडून पुढे जातं. पण याची दुसरी बाजू फार चांगली आहे. एकदा स्टेशन लागलं की ते जागचं हलत नाही. जुन्या गँगवाल्या रेडिओत एफएमचं स्टेशन तापमान बदललं किंवा सेल उतरले की हळूहळू सरकायचं आणि ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे ऐकू यायचे. चिपवाल्यात चाकाच्या थोड्याशा रुंदीवर तेच स्टेशन टिकून राहतं, त्यामुळे चाक बरोब्बर जागी थांबवायची कसरत लागत नाही. मी त्यांच्या तीन आवडत्या स्टेशनांच्या जागी चाकाच्या कडेवर नेलपॉलिशचे टिपके दिले, एकावर एक थर देऊन चांगले उंचवट्याचे केले. टिपका खाचेच्या काठाशी आला की स्टेशन लागलेलं असतं. आता त्यांना कुणाची मदत लागत नाही.

या जातीच्या चिपांची एक सवय मात्र घेण्याआधी तपासाच. सिग्नल क्षीण झाला की त्यांतल्या काही जणी आवाजही आपणहून दाबतात, खरखर ऐकू येऊ नये म्हणून. गावातल्या जोरकस स्टेशनला याचा काही त्रास नाही. पण मीडियम वेव्हवर दूरचं स्टेशन ऐकत असाल तर आवाज मधूनमधून विहिरीत गेल्यासारखा बुडतो. बोलणं ऐकणाऱ्याला हे फार छळतं, कारण वाक्याचा नेमका शेवट जातो. दूरची स्टेशनं हाच ज्याचा छंद आहे त्याने गँगवाला चांगला रेडिओ मिळाला तर तोच घ्यावा, किंवा आकड्यांच्या बटणांचा चांगल्यातला.

मीडियम वेव्ह ऐकायची एक युक्ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. वर ओढायची दांडी फक्त एफएमसाठी, आणि असलीच तर शॉर्ट वेव्हसाठी असते. मीडियम वेव्हचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो. फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. ही कांडी ज्या दिशेला टोक करते त्या दिशेचं स्टेशन सगळ्यांत क्षीण येतं आणि कांडीच्या आडव्या बाजूचं सगळ्यांत जोरात. म्हणून मीडियम वेव्हवर दांडी ओढत बसू नका, अख्खा रेडिओ सपाट धरून गोल फिरवा. एकाच जागी दोन स्टेशनं एकमेकांत मिसळत असतील तर नको असलेल्या स्टेशनकडे कांडीचं टोक करायचं, ते खाली बसतं आणि हवं ते वर येतं. बाबा हे इतक्या सफाईने करतात की बघत राहावं. सूर्य मावळला की वातावरणातला जो खालचा थर दिवसा मीडियम वेव्ह शोषून घेतो तो विरतो, लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब पोचतात, आणि त्यांचा रेडिओ तेव्हा खऱ्या अर्थाने जागा होतो. दिवसा जिथे काहीच नव्हतं तिथे अनोळखी भाषांतली बोलणी सापडतात. ते भाषा ओळखत बसतात.

एफएमचं गणित वेगळं आहे. १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. खिशातल्या रेडिओची दांडी बहुधा याहून बरीच आखूड असते, त्यामुळे ती पूर्ण ओढून खिडकीशी जाणं एवढंच हातात राहतं. काही फारच छोट्या रेडिओंना दांडीच नसते, इअरफोनची तार हाच त्यांचा अँटेना. ती तार गुंडाळून खिशात कोंबली तर एफएम खरखरणारच. आणि बिनतारी इअरफोन वापरायचा विचार असेल तर असा रेडिओ तुमच्या कामाचा नाही.

इअरफोनचीच आणखी एक गोष्ट. बऱ्याच लहान रेडिओंची इअरफोनची खोबण मोनो, म्हणजे एकाच वाटेने आवाज देणारी असते. तिच्यात नेहमीचा दोन कानांचा इअरफोन लावला की आवाज एकाच कानात येतो आणि लोकांना वाटतं रेडिओ बिघडला. बाबांना मी मुद्दाम एकाच कानाचा मोनो इअरफोन दिला आहे. नजर नसलेल्या माणसाचा दुसरा कान घरातल्या आवाजांसाठी मोकळा राहायलाच हवा.

घरातली खरखर हा आजकालचा मोठा शत्रू. एलईडीचे दिवे, मोबाईलचे चार्जर, लॅपटॉपचे अ‍ॅडाप्टर, या सगळ्यांतून मीडियम वेव्हवर भणभण उतरते. रेडिओ वाईट आहे असं ठरवण्याआधी तो घेऊन मोकळ्या जागेत या. माझा बटणांचा रेडिओ चार्जिंगला लावलेला असताना मीडियम वेव्हवर नुसता गुणगुणतो, वायर काढली की स्वच्छ.

सेलच्या बाबतीत मी पूर्णपणे पेन्सिल सेलच्या बाजूची आहे. ते कुठेही मिळतात, आणि आतली बॅटरी म्हातारी झाली म्हणून रेडिओ टाकून द्यायची वेळ येत नाही. चार्ज होणारे पेन्सिल सेलही चालतात. त्यांचा व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतो, पण आमच्या रेडिओला त्याने फरक पडलेला नाही. न बघता सेल घालणं सोपं आहे, स्प्रिंगच्या बाजूला सेलचा सपाट तळ. खोबणीत सेलखालून जाणारी कापडी फीत असेल तर उत्तमच, ती ओढली की सेल आपोआप वर येतात, नखं घालून उकरावे लागत नाहीत. रेडिओ बराच काळ वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी धरते. ती पुसायला कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घ्यायचं, मग ओलसर कापडाने पुसून नीट कोरडं करायचं. बोटाने खरवडू नका, ते क्षार त्वचेला भाजतात. आतली बॅटरीच हवी असेल तर निदान मागचं झाकण उघडून बदलता येणारी बघा. काही रेडिओंत जुन्या नोकिया फोनची चपटी बीएल-५सी बॅटरी बसते, ती सोय चांगली आहे.

माझ्या बटणांच्या रेडिओवर अन्याय नको. त्याचा नंबरांचा कीपॅड मला फार आवडतो. पाचच्या बटणावर उंचवटा आहे, त्यावरून बाकीची बटणं बोटाला सापडतात, आणि वारंवारता पाठ असेल तर अंधारातही थेट स्टेशनवर जाता येतं. झोपताना आपोआप बंद होण्याची वेळ लावता येते. कुलूपाची पट्टी आहे, ती सरकवली की खिशात चुकून बटण दाबलं जात नाही. घेताना एवढं बघा की मीडियम वेव्हची पायरी, म्हणजे एका दाबात वारंवारता जेवढी पुढे सरकते ते अंतर, ९ आणि १० किलोहर्ट्झ असं दोन्ही लावता येतं का. अमेरिका खंडात १०ची पायरी चालते, युरोप, आफ्रिका आणि आशियात ९ची. चुकीच्या पायरीवर असला तर स्टेशनं अर्धवट लागतात. जपानचा एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, बाकी बहुतेक ठिकाणी ८७.५ ते १०८. चाकाच्या रेडिओला पायरीची ही भानगड क्वचितच येते.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडक्यात: पाच-सहा सेंटिमीटरच्या स्पीकरकडून खर्जाची अपेक्षा करू नका. बोलणं मात्र स्वच्छ आलं पाहिजे. दुकानात तपासायचं तर गाणं लावू नका, बातम्या किंवा गप्पा लावा आणि हाताच्या अंतरावर ठेवून प्रत्येक शब्द कळतो का ते ऐका. बाबांचा रेडिओ या बाबतीत माझ्याहून सरस आहे.

त्यांच्या रेडिओबद्दल माझी खरी तक्रार एकच आहे. सेलच्या खोबणीचं झाकण पूर्ण सुटं होतं. न बघता सेल बदलताना ते हातातून निसटतं, आणि नजर नसलेल्या माणसाने जमिनीवर चाचपत ते शोधायचं, हे मला बघवत नाही. झाकणाला बिजागरी द्यायला कंपनीला फार काही लागणार नाही. तोवर मी झाकणाच्या आतून मजबूत चिकटपट्टीची एक लांब पट्टी लावून ते रेडिओच्या पाठीला जोडून टाकलं आहे. झाकण उघडतं, लोंबतं, पण पडत नाही.