दर बांधावा की खर्चच घटवावा?

ऊर्जा अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतलेल्या क्लाउडिया शाइनबाम १ ऑक्टोबर २०२४ रोजी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. हवामान आणि महागाई या दोहोंवर मते मागणाऱ्या नेत्यासमोरचे दोन मार्ग त्यांच्या कारभारात शेजारीशेजारी दिसतात.

पहिला मार्ग दर बांधण्याचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंपचालकांशी ऐच्छिक करार होऊन साध्या पेट्रोलला लिटरमागे २४ पेसोंची मर्यादा आली. दिलासा तत्काळ मिळाला, पण थेट लाभ वाहनधारकालाच झाला, आणि इंधन स्वस्त राहिल्याने ते कमी जाळण्याचे कारणही उरले नाही.

दुसरा मार्ग खर्चाच्या मुळाशी जातो. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी शाइनबाम राजधानी मेक्सिको सिटीचा कारभार पाहत असताना, २०२१ मध्ये, उंचावरील वस्त्यांसाठी विजेवर चालणारी केबलबस ही रज्जुमार्ग सेवा ७ पेसो भाड्यात सुरू झाली.

आम्हा इंदूरकरांना हा दुसरा मार्ग अनोळखी नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर नदीचे पाणी चढवून आणण्याच्या विजेचे बिल नगर निगमला कायम जड जात आले, म्हणून २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेले कर्ज) काढून तिथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेण्यात आला. असा प्रकल्प निवडणुकीच्या आधी फळ देईलच असे नाही. तरीही माझा कौल त्यालाच आहे.