रातोरात बदलणाऱ्या सृष्टीच्या गोष्टी : आठ महिने वाचल्यानंतर

जग कोसळलंय, झाडं आणि प्राणी झपाट्यानं बदलतायत, मूठभर माणसं तग धरून आहेत. आठ महिने मी याच जातीच्या गोष्टी वाचतेय. सहा कादंबऱ्या संपल्या, तीन मालिका चालू आहेत, त्यातली एक सहाशे भागांच्या पुढे गेलीय. पहिल्या पंधरवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून थांबले.

मला या प्रकाराची गोडी लागली ती एका वेलीमुळे. त्या मालिकेतली बाई रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवते. काल लांबी भरून बुजवलेल्या फटीतून वेलीचं पांढरट टोक आत आलेलं असतं, नखाएवढं. ती ते खुडते, जाळते, पुन्हा लांबी भरते. काही भागांनंतर टोक दुसऱ्याच फटीतून येतं आणि आता त्याच्यावर साल असते. नखानं तुटत नाही. दहा राक्षसी श्वापदांनी जेवढी धडकी भरली नाही तेवढी त्या सालीनं भरली.

तिसऱ्या महिन्यात मात्र कंटाळा यायला लागला. एकच उंदीर चार भागांत बैलाएवढा होतो, मग आग ओकतो, मग माणसासारखा विचार करतो. एवढा देह पोसायला तो खातो काय, हे कुणी सांगत नाही. उत्क्रांती एकट्या जिवाची होत नसते, पिढ्यांची होते. एकाच उंदराला लेव्हल चढत गेल्या की तो खेळ होतो, निसर्ग राहत नाही.

तेव्हा खऱ्या जगात हे किती वेगानं होतं ते शोधून वाचलं. 1971 साली एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावरून सरड्यांच्या पाच जोड्या शेजारच्या पॉड म्रचारू बेटावर सोडल्या होत्या. 2004 पासून संशोधक तिथे परत गेले, तर सरड्यांची डोकी मोठी, चावा जास्त जोरकस आणि पाला पचवायला आतड्यात झडपा! जेमतेम तीस पिढ्यांत. आणि ऑस्ट्रेलियातले ऊस-भेक, म्हणजे 'केन टोड' जातीचे मोठे बेडूक : 1935 मध्ये उसावरचे भुंगेरे खातील म्हणून आणले आणि ते पसरतच गेले. पसरण्याच्या आघाडीवरच्या भेकांचे पाय लांब झाले, वर्षाला दहा किलोमीटरची चाल पन्नासच्या पुढे गेली. पण त्याच आघाडीवरच्या काही मोठ्या भेकांच्या मणक्यांना संधिवात जडलेला आढळला. हे वाचलं आणि माझी मोजपट्टीच बदलली. आता कुठल्याही कथेत नवा प्राणी आला की मी आधी बघते, या बदलासाठी त्यानं काय मोजलंय?

या कसोटीवर माझ्या वाचनातली एकच कादंबरी पूर्ण उतरली. तिच्यातल्या हरणांची कातडी इतकी जाड होते की भाला लागत नाही. पण उन्हाळ्यात तीच हरणं गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहतात, कारण अंगातली उष्णता बाहेरच पडत नाही. वस्तीतली माणसं दोन वर्षं नुसती बघत राहतात, नोंदी ठेवतात आणि मग तळ्याकाठी दबा धरतात. तगून राहणं म्हणजे असं शांतपणे बघत राहणं, हे या कादंबरीनं मला पटवलं. ती मी दोनदा वाचली.

बाकी तक्रारी नेहमीच्याच. मालिका ताणतात. काही भाषांतरं यंत्रानं केलेली, त्यात एकाच झाडाची तीन नावं. वाचनाच्या ॲपनं एका अपडेटमध्ये माझ्या सगळ्या खुणा पुसल्या, त्याचं वाईट वाटलं, कारण हरणांवरची टिपणंही त्यातच होती. झोपण्याआधी वाचणं मी चौथ्या महिन्यात सोडलं, आता सकाळी वाचते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी आधी संपलेली कादंबरी घ्यावी. आणि जिथे किडे, बुरशी, तण असे पिढ्या झटपट पालटणारे जीव आधी बदलतात अशी घ्यावी, ती बहुधा विचार करून लिहिलेली असते.

वेलीची मालिका मी सोडलेली नाही. खिडकी आता लोखंडी पत्र्यानं बंद केलीय. गेल्या भागात वेलीला पहिल्यांदा फूल आलं, तळहाताएवढं, आणि ती बाई दिवसभर पत्र्याच्या भोकातून बघत बसली. एकही किडा त्यावर बसायला आला नाही. किडे वेलीनंच संपवलेत. पुढचा भाग अजून यायचाय.